‘पाहू’ म्हणजे किती टक्के?

८ डिसेंबर

आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला. बातमी चिखलीच्या स्टँडवर कळली आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. बस सोडली, चहा अर्धा टाकला, दोघांना उगाच फोन केले. इतकी वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पगार आणि सुट्टी लागली तर बोंब. मतदाराचं वर्तन या विषयावर किती खडू झिजवले, पण एकही खरी निवडणूक हातात घेऊन पाहिली नाही.

भगवानराव आता बायकोला उभं करणार. सध्याचे मेंबर तेच. बॅनर लागलासुद्धा. त्यावर भगवानरावांचा फोटो हा एवढा, आणि कोपऱ्यात पुष्पाबाई, पासपोर्ट साइजच्या. त्यांच्या उंद्री गावातही त्यांना घराबाहेर कोणी पाहिलेलं नाही. नवऱ्याने ठरवायचं आणि बायकोने हात जोडून फोटोत उभं राहायचं, याला म्हणे महिला आरक्षण! या एका गोष्टीवर मी वर्गात पूर्ण तास घेतो.

धम्मशीला संध्याकाळी घरी आली ती गुडघ्यापर्यंत धुळीने माखून. माझी बायको इथल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, आजूबाजूची सगळी गावं तिला सिस्टर म्हणतात. एका अवघडलेल्या बाईचा ऑटो खड्ड्यात बसला होता, तो हिने ढकलला. हात धुताधुता म्हणाली, "त्या झेडपीत एक दिवस आपणच जाऊन बसलं पाह्यजे. मंग पाहू रस्ता कसा होत नाही ते." आणि पोळ्या करायला गेली.

हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. पुढेमागे प्रश्न निघाला तर असावं म्हणून लिहून ठेवतो.

११ डिसेंबर

तिला सांगितलं. आधी हसली. मग मी गंभीर आहे म्हटल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसली.

अडचण एकच आहे, पण मोठी. सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही. राजीनामा द्यावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो, आणि एकदा मंजूर झाला की परत मागता येत नाही. हे मीच तिला समजावून सांगितलं. मी लपवाछपवी करणाऱ्यातला नाही.

शेवटी ती म्हणाली, "लोकायले विचारा. पण खरं विचारा. नोकरी सोडा लागीन हेही सांगा. त्यायनं जाय म्हटलं त जाईन, राय म्हटलं त राहीन."

म्हणजे निर्णय पाहणीवर. माझ्या पाहणीवर! माणसाच्या आयुष्यात अशी संधी किती वेळा येते? मला जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर

पुण्या-मुंबईच्या सर्व्हे कंपन्यांचे निवडणुकीचे अंदाज आपटतात काऊन, याचं उत्तर मला आज अंगणात फेऱ्या मारताना सापडलं. अनोळखी पोरगा टॅब घेऊन दारात उभा राहतो. त्याला कोण मनातलं सांगणार? घरातली बाई तर पदर ओढून आतच जाते.

माझ्या वर्गात लग्न झालेल्या मुली बऱ्याच आहेत, सासरी राहून बी.ए. करणाऱ्या. बहुतेकींची माहेरं आमच्याच गटात. मग ठरवलं, प्रत्येकीला तिच्या माहेरी पाठवायचं! ओळखीचं गाव, हक्काचं घर, कुत्रंसुद्धा भुंकणार नाही. बायका चुलीपाशी बसून मोकळं बोलतील. वंदनाला सांगितलं तर ती उडालीच. "सर, चार दिवस माहेरी जाऊ द्याले सासूले तुमीच फोन करा, बस्स." केला.

एकट्या फलकचं लग्न झालेलं नाही. उंद्रीच्या कापड दुकानदार अब्दुल गनींची ती मुलगी. तिच्यासाठी माहेर कुठून आणू? म्हणून तिला जिथे तिला कोणी ओळखत नाही अशी गावं दिली. नाइलाज.

१९ डिसेंबर

वंदनासोबत तिच्या माहेरी गेलो. पद्धत कशी चालते ते डोळ्यांनी पाहायचं होतं. पाहिलं, आणि मन भरून आलं.

गाडीवरून उतरलो नाही तोच गल्लीतल्या बायका गोळा. वंदनाची चुलती झुंबरबाई, सत्तरीची, आवाज खणखणीत. पोहे आले, चहा आला, परत चहा आला. वंदनाने कागद काढला तशी झुंबरबाई म्हणाली, "कोण निवडून आलं पाह्यजे म्हणते? तुये सर कोणाचं काम करून राह्यले? सिस्टरचं ना? मंग लिह्य बाई सिस्टर."

"काकू, तुह्या मनातलं सांग ना व."

"मनातलंच सांगून राह्यली. आमच्या घरातली साऱ्यायची लिह्य. शेजारच्या घरचीही लिह्य, ते वावरात गेले. तुयं काम झालं पाह्यजे."

असा उत्साह! न विचारलेल्या घरांचाही पाठिंबा. निघताना वंदनाच्या ओटीत खण-नारळ घातलं, मला टॉवेल-टोपी. एका म्हाताऱ्याने तर मत कोणाला हे न ऐकताच वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जे तुया मनात तेच आमच्या मनात." मी हे शब्दशः उतरवलं. आमच्या वस्तीतली मतं तर आपलीच, ती मी धरूनच चालतो. धाकधूक होती ती बाकीच्या गावाची, आपली जात पाहून मत फिरतं की काय याची. आज ती धाकधूक गेली.

२० डिसेंबर

सगळा घोळ ‘पाहू’ने केला आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, पाहू. याचं करायचं काय? पुस्तकात ‘अनिश्चित’ असा रकाना असतो, पण पुस्तक लिहिणारा कधी आमच्याकडे आलेला नाही. आमचा माणूस नाही कधी म्हणतच नाही. मग मी नियम केले. बसल्या जागी ‘पाहू’ म्हटलं तर अर्धं मत आपलं. उठताउठता म्हटलं तर पाव. ‘पाहू ना!’ असं हसून म्हटलं तर पाऊण. ‘तुमच्या शब्दाबाहेर नाही’ म्हणजे पूर्ण. चहा दिला आणि काहीच बोलले नाहीत, तर तेही पूर्ण, कारण विरोधकाला कोण चहा पाजतं?

वाचून दाखवलं तेव्हा धम्मशीला म्हणाली, "आमच्याकडं मयताले आलेल्यालेही चहा देतेत." विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

२४ डिसेंबर

फलकने मात्र डोकं खाल्लं. तिच्या गावांतून आलेला कौल ओढूनताणून पंधरा-वीस टक्के. मी विचारलं, नीट विचारत होतीस ना?

"सर, सच सांगू का? सिस्टरचं नाव काढलं की बाया खूश होतेत. कोणाचं लेकरू त्यायनं काढलं, कोणाची शुगर त्यायनंच पकडली. मंग मी म्हणते, मत देसान ना? त चूप. एका खालानं मलेच उलटं विचारलं, सिस्टर मेंबर झाली त माह्या सुनेची डिलिव्हरी कोण करीन, तू करशीन का?"

मी हसलो. ती हसली नाही.

घरी येईपर्यंत मात्र माझ्या लक्षात आलं की यातच सोनं आहे. लोकांना सिस्टर नको असं नाही, त्यांना भीती आहे. भीती काढली की मत मोकळं! साधा उपाय. कोणी विचारलं तर सांगायचं, सिस्टर निवडणुकीपुरत्या रजेवर जाणार आहेत, दवाखाना कुठे पळून जात नाही. सगळ्या मुलींना तसा निरोप दिला.

फलक म्हणाली, "पण सर, रजा कुठं? राजीनामा हाय ना."

"अजून दिलाय कुठे?" मी म्हटलं. आणि हे आजच्या तारखेला शंभर टक्के खरं आहे.

फलकची गावं मी हिशेबातून वगळली. अनोळखी मुलीला लोक मोकळं सांगत नाहीत, हे तर मी आधीच लिहून ठेवलेलं आहे.

२८ डिसेंबर

शंभरातले बासष्ट!

तीनदा बेरीज केली. पाहूंची वजाबाकी करूनही आकडा पन्नासच्या वर राहतो. धम्मशीला भाजी निवडत होती, तिच्यासमोर कागद धरला. तिने हात पुसून तो घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नोकरी सोडा लागीन हे सांगतलं होतं ना त्यायले?"

"सगळं समजावून सांगितलं," मी म्हणालो. तपशिलात शिरलो असतो तर ती गोंधळली असती. बारीकसारीक गोष्टी उमेदवाराच्या डोक्यावर टाकायच्या नसतात, हे प्रचाराचं पहिलं तत्त्व आहे.

"आणि राय असं कोणीच नाही म्हटलं?"

"कोणीच नाही."

"झुंबरबाईनंही नाही?"

"ती तर सगळ्यांच्या आधी सिस्टर लिही म्हणाली!"

तिने कागद परत दिला. चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. दिवसभर लसीकरण होतं, थकवा असणारच. म्हणाली, "मंग ठीक हाय. त्यायचीच मर्जी असन त ठीक हाय." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मी आनंदाने चौकापर्यंत चक्कर मारून आलो.

५ जानेवारी

बुलडाण्याला जाऊन राजीनामा दिला. मला वाटलं होतं मजकूर मी सांगावा, पण तिने स्वतःच लिहिला, दोन ओळींत.

नंतर उपकेंद्रात चार्ज द्यायचा होता. लसीचा डबा, वजनकाटा, बीपीचं मशीन, सगळं मांडून ठेवलं. मग ती सांगायला लागली. अमक्या घरातली सून सातव्या महिन्यात आहे, पायाला सूज आहे, मीठ कमी कर म्हणून दर आठवड्याला बजावावं लागतं. तमक्या वाडीवर जुळी आहेत, त्यातलं धाकटं दूध ओढत नाही. सांगतच राहिली. समोर नवी सिस्टर नव्हती, कोणाची नेमणूकच झालेली नाही. समोर तालुक्याहून आलेला कारकून होता. तो मोबाइल पाहत हो हो म्हणत होता.

शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर अधूनमधून येऊन जाईल म्हणतात. म्हणजे रजेसारखंच झालं की. लोकांना फरक जाणवायचा नाही.

१३ जानेवारी

राजीनामा मंजूर झाला, अर्ज टिकला. अपक्ष, चिन्ह शिलाई मशीन. पोस्टर छापून आले. वर धम्मशीलाचा फोटो आणि खाली माझा, ‘मार्गदर्शक: प्रा. हिवाळे सर’. माझा फोटो छापणाऱ्याने जरा मोठाच घेतला. मीही बदला म्हटलं नाही. मागे अभ्यास आहे हे लोकांना दिसलं पाहिजे.

धम्मशीला पोस्टर पाहून म्हणाली, "मले हात जोडाले काऊन लावले? मी कधी असे हात जोडते का?"

२० जानेवारी

प्रचार. माझे पाय जमिनीवर नाहीत. दिवसाला पाच-सहा गावं, घसा बसला आहे, तरी झोप म्हणून लागत नाही. धम्मशीलाचा एक त्रास आहे. ती दारात गेली की मत मागायचं विसरते. कोणाची पापणी खाली ओढून पाहते, कोणाला गोळ्या संपल्या का विचारते. मी मागून खुणा करून थकतो. भाषणाचे मुद्दे लिहून दिले, तर त्या कागदाच्या मागे तिने एका लेकराचं वजन टिपून ठेवलं.

आज झुंबरबाईकडे गेलो. धम्मशीला सुनेला तपासायला आत गेली. म्हातारी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "सर, रजा कवापर्यंत हाय म्हणा तिची?"

"निवडणुकीपर्यंत, काकू."

"मंग? निवडणूक झाली की?"

मी जरा अडखळलो. खरं बोलायला तसा वाव होता. पण दारात आणखी चार बायका कान देऊन उभ्या होत्या, आणि मतदानाच्या तोंडावर लोकांच्या मनात किंतु ठेवणं परवडत नाही. "झाली की रजा संपली," म्हणालो. "पण निवडून आल्यावर ती तुमचीच मेंबर असणार."

"निवडून आल्यावर होय. आणि नाही आली त?"

"नाही आली तर येईल दवाखान्यात, जाणार कुठे?" मी हसून म्हणालो. अशुभ प्रश्नाला हसूनच उत्तर द्यावं.

म्हातारीचा चेहरा असा उजळला! दारातल्या बायकांकडे वळून तिने मान हलवली, त्यांनीही हलवली. "बरं झालं बाप्पा सांगतलं," म्हणाली. भीती काढली की मत मोकळं, ते हे. ते घर पक्कं. ती गल्लीही पक्की धरायला हरकत नाही.

मतदानाचा दिवस

तारीख लिहायलाही सवड नाही. सकाळपासून बायकांच्या रांगा. पुरुषांपेक्षा बायका जास्त, हे चिन्ह फार चांगलं. धम्मशीला शंभर मीटरच्या रेघेबाहेर उभी होती. मत टाकून येणाऱ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. झुंबरबाईने तर तिला पोटाशी धरलं. "काळजी करू नको बाई. तू आमची हाय, आमचीच राह्यशीन." डोळ्यांत पाणी होतं म्हातारीच्या.

याहून स्पष्ट काय असतं? मी शंभरातले सत्तर धरतो आहे.

निकाल

तिसऱ्या नंबरवर. शंभरातले नऊसुद्धा नाहीत. पुष्पाबाई निवडून आल्या. गुलाल भगवानरावांनी घेतला, पुष्पाबाई गाडीत बसून होत्या.

जात. दुसरं काय? चहा पाजतात, पाठीवरून हात फिरवतात, पोरं हिच्या हातून जन्माला घालतात आणि बटणापाशी गेलं की बोट बरोबर आपल्या जातीवर जातं. मी मूर्ख. सगळं आयुष्य हेच शिकवलं आणि स्वतःच्या वेळी विसरलो. या लोकांच्या दारात परत पाय ठेवणार नाही.

धम्मशीलाला सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मंग तवा जाय काऊन म्हटलं त्यायनं?"

निकालाचा दुसरा दिवस

झोपलो नाही. बूथप्रमाणे आकडे घेऊन बसलो आहे. जात म्हणावं तर एक गोष्ट बसत नाही. आमच्या वस्तीचा बूथ. तिथे आमचीच माणसं, घरोघरी माझं जेवणखाण. तिथेही हिला निम्मी मतं नाहीत. वस्तीतल्या पुरुषांची मोजदाद मी नावासकट करू शकतो, ती पडली आहेत. मग पडली नाहीत ती कोणाची? बायकांची?

पैसा वाटला म्हणावं, तर वस्तीत भगवानरावांचा माणूस फिरकलासुद्धा नाही. मशीन बिघडलं म्हणावं, तर फक्त बायकांपुरतं कसं बिघडेल? आणि जिथे जिथे बायकांचं मतदान जास्त, तिथे तिथे आम्ही जास्त आपटलो. चुलतभाऊ कडूबाला विचारलं. तो म्हणाला, "म्या देलं दादा, आईची आन. घरातलीचं मले माहीत नाही." त्याची बायको ओट्यावरून उठून आत गेली.

तासभर अंगणात फिरलो. आकडे समोर आहेत, आणि मला ते वाचता येत नाहीत.

सोमवार

हे सगळं आज लिहिलं नाही तर मी उद्या स्वतःला सोयीचं लिहीन. म्हणून लिहितो.

सकाळीच दारात बायका आल्या. पुढे झुंबरबाई, मागे तिच्या गावच्या पाच-सहा, आणि आमच्या वस्तीतल्याही, कडूबाची बायको धरून. एकीच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मला वाटलं सांत्वनाला आल्या असतील. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.

धम्मशीला बाहेर आली तशी झुंबरबाई तिच्या हाताला धरून म्हणाली, "झालं ना बाई आता? रजा संपली ना? दवाखान्याले कुलूप दिसलं म्हणून इकडंच आलो."

"कोणती रजा?"

"आता मले काय विचारते? तुयाच मालकानं सांगतलं. निवडणुकीपर्यंत रजा. नाही निवडून आली त येते म्हणे दवाखान्यात."

धम्मशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहावं हे मला कळेना.

झुंबरबाईला यातलं काही दिसलं नाही. ती लाजल्यासारखी हसली आणि आवाज खाली घेऊन सांगायला लागली. "रागावू नको व माय. लय भेव लागून राह्यलं होतं आमाले. तू निवडून आली असती त गेली असती बुलडाण्याले, मीटिंगाले, गाडीत बसून. मंग आमचं कोण पाह्यते? सर बोलले न मले उपाय भेटला. साऱ्या बायायनं मिळून ठरवलं, बाईले पाडाचं. माणसायले पत्ता नाही लागू देल्ला. पुष्पाबाई गेली त जाऊ दे, तिच्यावाचून इथं कोणाचं अडलं हाय?"

कडूबाची बायको मान खाली घालून म्हणाली, "जाऊबाई, म्याही नाही देलं. माह्या पोरीचे दिवस भरत आले."

धम्मशीला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तुमी सांगा त्यायले."

सांगितलं. रजा नव्हती, राजीनामा होता, तो महिन्यापूर्वीच मंजूर झाला, आता ती परत नोकरीवर जाऊ शकत नाही. वर्गात मी तास तास बोलतो, हे बोलताना दोनदा थांबलो. रजेचं मी खोटं सांगितलं, हेही सांगितलं.

झुंबरबाई हळूहळू ओट्यावर बसली. मग तिने वर पाहिलं. "मंग आमाले पहिलेच काऊन नाही विचारलं?"

"विचारलं होतं काकू. वंदना आली होती ना विचारायला. तुम्हीच म्हणालात, लिही सिस्टर."

"वंदी?" तिला काही क्षण मी काय बोलतो तेच कळेना. "वंदी त लेक हाय आमची. सासरहून लेक घरी आली न तिनं काही मांगतलं, त तिले कोणी नाही म्हणते का? तिनं सिस्टर मांगतली, आमी देल्ली. ते मत होतं का?"

मी खुर्चीतून उठलो.

"तुमी यायचं होतं न सर. या बाईले घेऊन यायचं होतं. हिनं आमच्या तोंडाकडं पाहून विचारलं असतं, जाऊ का म्हणून, त आमी तिचा पदर धरला असता." आणि म्हातारी रडायला लागली. "म्या पाडली व तुले. म्या घरोघर जाऊन सांगतलं, पाडा म्हणून."

धम्मशीला तिच्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही," म्हणाली. ‘तुमचं’वर तिने जोर दिला नाही. द्यायची गरज नव्हती.

मग तिने त्या पोराला मांडीवर घेतलं. अंग पाहिलं, मान वाकवून पाहिली, आईला विचारलं, ओकलं का, लघवी झाली का. इतके दिवस मी तिच्यामागे पोस्टर घेऊन फिरलो, पण ती अशी मला दिसली नव्हती. हात सवयीने पिशवीकडे गेला, आणि पिशवी नव्हतीच. "चिखलीले न्या लागते," म्हणाली, "आताच. थांब, मी येते संगं."

आत जाऊन साडी बदलली, पायात चप्पल घातली. मी दारात उभा होतो. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. फक्त एवढंच निघालं, "मी येऊ का?"

"नका येऊ." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, पण रागाने नाही. "तुमी संगं असले की मले माह्या मनात काय हाय ते ऐकू येत नाही. तुमचंच ऐकू येते."

बायकांनी तिला ऑटोत मधे बसवलं. झुंबरबाईही चढली. ऑटो वळेपर्यंत मी उभा राहिलो, मग घरात आलो, परत बाहेर गेलो, परत आलो.

आता चार वाजले आहेत. ती संध्याकाळपर्यंत परत येईल असं मला वाटतं. हे मी तिला विचारलेलं नाही.